लाल कल्ले आणि मी

मित्रांनो, माझ्यावर जेवायला बसायचा विचार असेल तर सोडून द्या. मी फणसाच्या लाकडाचा जुना पाट असलो, तरी बारा वर्षं चित्रकार बाईंच्या नोकरीत आहे.

मालवणच्या मासळी बाजारात मासे विकणाऱ्या आनंदीच्या घरी मी होतो. १९९८ साली तिच्या मुलीने, गौरजाने, मला मांडीवर घेऊन चित्रं काढायला सुरुवात केली. आधी होड्यांवरची नावं, मग दशावताराचे फलक, मग पुण्याच्या मुलांच्या मासिकातली चित्रं. मी फुगून गेलो होतो. पण चतुर्थीला पाहुणे आले की आनंदी मला खेचून पंगतीत मांडायची. एकदा शाई ओली होती. मामा जेवून उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर राक्षसाचा डोळा उमटला होता. ते तसेच बाजारातून घरी गेले. त्यानंतर मला कुणी जेवायला बोलावलं नाही.

पुढे गौरजाने आईवरच एक चित्रकादंबरी काढली. दोन वर्षं ती माझ्यावर वाकून बसलेली असायची. प्रकाशकही मिळाला. छापायला पाठवण्याआधी तिने पानं आईला दाखवली. शेजारी बसून मासे विकणारी तुळसाही डोकावली आणि खिदळली, "आनंदी, बांगडे कधीचे गो तुझे?"

आमच्याकडे गिऱ्हाईक माशाच्या गालावरची झापड उचलून आतला कल्ला बघतं. लाल असला तर मासा ताजा. पुस्तक पडलं काळं-पांढरं, त्यामुळे आनंदीच्या टोपलीतल्या सगळ्या बांगड्यांचे कल्ले काळेकुट्ट!

"माझो बांगडो शिळो दाखवलंस?" आनंदी कडाडली. "ह्यां पुस्तक भायर जावचां नाय!"

"आये, रंगीत छापणत नाय ते. साडीय तुझी काळीच आसा मगे."

"साडी काळी चलात. कल्ले नाय!"

आईचं नाक कापून पुस्तक काढायचं नाही, असं गौरजाने ठरवलं. पानं फडक्यात बांधून माझ्याखाली ठेवली. पोरीचा हात थांबला, आणि मला फार वाईट वाटलं. दुपारी ती नुसती माझ्यावर हात ठेवून बसायची.

ते बघून एक दिवस आनंदीच म्हणाली, "कल्ले कोरे सोड. लाल मी करतंय."

२०१० साली कुडाळात प्रकाशन झालं. मला मांडीवर घेऊन आनंदी लाल पेन सरसावून बसली. सहीला येणाऱ्यांना गौरजा सांगायची, "आधी आयेकडे जावा." गुरुजी, कारकून, सगळे मुकाट्याने रांगेत! आनंदी प्रत्येक प्रतीत बांगडे ताजे करून देत होती.

शेवटी तुळसा आली. पुस्तकात तिचीही टोपली होती. खाली बघत म्हणाली, "माझेय कर गो."

आनंदीने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि तिचेही कल्ले रंगवले. आपल्यापेक्षा जरा फिकेच, पण रंगवले.

मित्रांनो, कुणाचं चित्र काढलंत तर आधी त्याला दाखवा. पाटाला पाण्यात भिजत ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि त्या दिवशी आनंदीचं पेन फुटून माझ्यावर लाल डाग पडला आहे, तो मात्र कुणी घासू नका.