सुनेचाच पंजा लाल का उमटला?

सन २०२३ च्या मे महिन्याच्या दहा तारखेस, बुधवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील मौजे ताडकळस येथे, नुकताच चुना दिलेल्या एका भिंतीने एका निरपराध बाईवर आरोप ठेवला. आणि घरभरणीसाठी जमलेल्या साठ-सत्तर माणसांनी तो कोणतीही शहानिशा न करता मान्य केला. आरोप असा, की ही बाई या घराला नको आहे. पुरावा असा, की तिने भिंतीवर उमटवलेला हळदीचा पंजा सर्वांच्या देखत रक्तासारखा लाल झाला.

"रगत! भितीतून रगत निघायलंय!" कोणीतरी ओरडले.

ज्यांना भिंत दिसत होती ते मागे सरले, ज्यांना दिसत नव्हती ते पुढे घुसले, आणि या दोन प्रवाहांच्या मध्ये बुंदीचे पातेले आडवे झाले. गावातील प्रत्येक धर्मकार्यात पहिल्या रांगेत बसण्याचा मान स्वतःच स्वतःला देणारे बन्सीधरराव हात जोडून पुटपुटले, "साक्षात्कार! आपल्या ताडकळसात!" त्यांच्या स्वरात भीतीपेक्षा गावाचा अभिमान अधिक होता.

भिंतीपुढे, हात तसाच उचललेला धरून, दैवशाला उभी होती. घर तिचे होते. निदान त्या क्षणापर्यंत तरी होते.

हे घर मी शेजारी या नात्याने चांगले ओळखतो. मूळ मालक कापडाचे व्यापारी. ते नांदेडला गेले आणि अकरा वर्षे घराला कुलूप लागले. लाकडी सरांवर माती थापलेले माळवद ठिकठिकाणी गळत होते, आणि स्वयंपाकघराची एक भिंत तर पावसाने पार बसली होती. बाजारात मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवणाऱ्या अमृतने, दैवशालाच्या नवऱ्याने, ते विकत घेतले. घेतले अमृतने, पण उभे केले दैवशालाने. भाड्याच्या खोलीतले स्वयंपाकपाणी उरकून ती रोज सकाळी येई, माळवदावरची कुजलेली माती पाट्यांनी खाली उतरवी आणि सायंकाळी केसांत माती घेऊन परत जाई. असे सात महिने चालले.

पडलेली भिंत विटांनी उभारली, तेव्हा गिलावा कशाचा करावा यावर वाद झाला. धोंडीबा गवंडी म्हातारा, आणि स्वतःच्या मतावर सिमेंटपेक्षा घट्ट. तो म्हणाला, "जुन्या मातीच्या भितीला सिमिट जोडलं की ओल आतच ऱ्हाती. दोन वर्सांत पोपडे सुटत्यात. चुना घ्या." चुन्याचे काम गावात कोणी वीस वर्षांत पाहिले नव्हते. दैवशालाने ते शिकून घेतले. कळीचा चुना पिंपात पंधरा दिवस भिजवला आणि जुन्या लुगड्यातून स्वतः गाळला. बाकीच्या खोल्या पूर्वीप्रमाणेच पांढऱ्या मातीने सारवल्या. म्हणजे साऱ्या घरात चुन्याची भिंत एकच, स्वयंपाकघराची; आणि तिच्यावर शेवटचा हात सोमवारी सायंकाळी फिरला होता. वाचकांनी एवढा तपशील ध्यानात ठेवावा. जमावाने तो ठेवला नाही, म्हणूनच ही कथा घडली.

मंगळवारी योगीराज महाराज आले. 'योगीराज' हे नाव त्यांना आईबापांनी पाळण्यात दिले होते. पुढे त्यांनी त्याचीच पदवी केली. ते गंगाखेडकडचे. त्यांचा स्वतःचा मठ नव्हता, त्यामुळे दुसऱ्याच्या घराविषयी त्यांना विशेष कळकळ वाटे. अमृतची आई सुगंधाबाई यांनी त्यांना श्रद्धेने बोलावले होते.

महाराज प्रत्येक भिंतीला तळहात लावून डोळे मिटत आणि निदान सांगत. "घराला श्वास असतो, माउली. ह्या घराचा श्वास ईशान्येला अडकलाय अन् नैर्ऋत्येला खोकायलाय."

"अगंबाई!" सुगंधाबाई म्हणाल्या. "मग इलाज?"

"बघू. नाडी सापडू द्या."

नाडी स्वयंपाकघरात सापडली. तेथे त्यांनी धोंडीबाला विचारले, "ह्या भितीला हात कधी मारला?"

"काल सांजच्याला, महाराज."

महाराजांनी डोळे मिटले. मिटण्यापूर्वी ते किंचित चमकले, असे धोंडीबाने मागाहून सांगितले.

आमच्याकडे घरभरणीला घरच्या बाया भिंतीवर हळदीचे पंजे उमटवतात. कोणी कुठे उमटवावा असा नियम नाही. महाराजांनी तो केला. सासूने व नातीने माजघरात, सुनेने स्वयंपाकघरात. आणि हात लावण्यापूर्वी त्या त्या जागी 'गंगेचे तीर्थ' शिंपडायचे. त्याप्रमाणे सुगंधाबाईंनी माजघरात पंजा उमटवला, पिवळाधमक. नववीत गेलेल्या अपेक्षाने शेजारी उमटवला; तोही पिवळा. मग सारी मंडळी स्वयंपाकघरात लोटली, दैवशालाने ओल्या भिंतीवर हात टेकला, आणि पुढे काय झाले ते आरंभीच सांगितले आहे.

"वास्तूनं सून थुंकून टाकली," महाराज शांतपणे म्हणाले. "बाईचा दोष न्हाई, तिच्या पायगुणाचा हाय. पाच अमावस्या तिनं ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. पेडगावला माहेरी ऱ्हावं."

"अन् घर?" अमृतने विचारले.

"घर मोकळं ठेवलं तर दोष वाढंल. मी सोता पुढच्या खोलीत बसून तो प्राशन करीन." पुढच्या खोलीत नवा कूलर बसवला होता. दोषाला थंड हवा मानवत असावी.

मी या गावच्या शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवले. रसायनशास्त्र शिकवले असते तर त्या दिवशी अधिक उपयोगी पडलो असतो. मी पुढे होऊन म्हणालो, "महाराज, पंजा लाल झाला हे खरे. पण त्यावरून घराला सून नको, हे कसे निघते? लाल होणे म्हणजे नाकारणे, हे कोणी ठरवले? स्वागत का नव्हे?"

"गुरुजी," महाराज हसले, "तुमी पोरांना व्याकरण शिकवलं. हे व्याकरणाच्या पल्याडचं हाय."

लोकही हसले. मी आणखी पाव तास कार्यकारणभावावर बोललो. युक्तिवाद निर्दोष होता आणि निष्फळ होता. समोर लाल पंजा असताना तर्कदोष कोणाला दिसत नाही.

दैवशालाने नवऱ्याकडे पाहिले. "तुमी काय म्हंता?"

अमृत जमिनीकडे पाहत म्हणाला, "माय म्हणंल तसं."

"माय म्हणायली, जाय," सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज कठोर होता, पण त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. "पाच अमावस्येचा तर सवाल हाय. पदर बघ कसा भरलाय हळदीनं. धुऊन घे आधी. असल्या अवतारात माहेरी जाऊ नको."

सात महिने ज्या घराची माती तिने डोक्यावर वाहिली, त्या घरातून बाहेर पडण्यापूर्वी तिला पदर धुण्यापुरती सवलत मिळाली. ती मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाशी गेली. मी खिडकीशी उभा होतो. तिने पदर भिजवला, डोळे पुसले, साबणाची वडी डागावर घासली, आणि थांबली.

पिवळा डाग लाल झाला होता.

तिने हाक मारली, "अपेक्षा, इकडं ये. तुझी बाही दे."

"कामून ग आई?"

"दे म्हनते ना."

मुलीच्या बाहीवर हळदीचा थेंब होता. साबण लागताच तोही लाल झाला. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. आणि मग दैवशाला हसली. त्या सकाळी त्या घरात हसण्यासारखे बरेच घडले होते, पण खऱ्या अर्थाने हसणारी ती पहिलीच.

आत आली तेव्हा महाराज कूलरची दिशा तपासत होते.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "निघायच्या आधी एक इचारते. तुमचा पंजा पिवळा ऱ्हायला, तो कशानं?"

"माझा ह्या घरावर जीव हाय म्हणून."

"मग स्वयंपाकघरात बी उमटवा की. घर तुमाला वळखतंय, तिथं बी पिवळाच ऱ्हाईल."

महाराज लगबगीने उठले. "नको, माउली! एका दिवसात दोनदा वास्तूची परीक्षा घेऊ नये. कोप होतो."

येथे महाराजांचा अंदाज चुकला. सुगंधाबाई भाविक होत्या; पण आपल्या मनाच्या निर्मळपणाविषयी शंका देवाने घेतलेलीही त्यांना चालली नसती.

"कोप कामून होईल? माझ्या हाताचा भरोसा न्हाई का तुमाला?" असे म्हणून त्यांनी हळदीच्या ताटात हात बुडवला, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेच्या पंजाशेजारी आपला पंजा ठोकला.

तो लाल झाला. सुनेच्यापेक्षा काकणभर अधिकच.

मग महाराजांना कंठ फुटला. "संसर्ग! सुनंचा दोष सासूला लागला."

"असं असतंय बरं का," बन्सीधररावांनी मान डोलावली.

दैवशाला त्यांच्याकडे वळली. "मामा, तुमचा अन् माझा तर काई संबंध न्हाई. तुमाला दोष कुठून लागणार? लावा हात."

"मी? मला कशाला..."

"लावा की, राव! भेताव का?" मागून आवाज आला, आणि चार हातांनी बन्सीधररावांना भिंतीपर्यंत पोचवले. त्यांचा पंजा लाल उमटला. ते आपल्या तळहाताकडे परक्याचा हात पाहावा तसे पाहत राहिले. त्यानंतर रांगच लागली. थोड्याच वेळात भिंतीवर अकरा पंजे होते आणि अकराही लाल होते. महाराजांच्या न्यायाने या सर्वांना पाच अमावस्या माहेरी धाडावे लागले असते. आणि पुरुषांचे माहेर कोणते, हा प्रश्न कोणत्याही शास्त्राने अद्याप सोडवलेला नाही.

दैवशाला तेवढ्यावर थांबली नाही. ती माजघरात गेली, मातीने सारवलेल्या भिंतीवर, सासूच्या पहिल्या पंजाशेजारी तिने स्वतःचा पंजा उमटवला आणि बाजूला झाली. लोक वाट पाहत राहिले. पंजा पिवळा होता, पिवळाच राहिला.

"बघा," ती म्हणाली. "इथं माझा बी पिवळा. तिथं तुमच्या समद्यांचा लाल. फरक मानसात न्हाई, भितीत हाय."

बत्तीस वर्षांत माझ्या हातून इतके स्वच्छ अनुमान फळ्यावर कधी उतरले नव्हते.

"आता महाराजांचा ऱ्हायला," धोंडीबा म्हणाला.

महाराजांचे दोन्ही हात कफनीत गेले. सुगंधाबाईंनी त्यांतला एक मनगटाला धरून बाहेर काढला. "तुमी तर दोष पिणार व्हता. घ्या की." हात ताटात बुडाला, भिंतीवर टेकला, आणि बारावा पंजा लाल झाला.

दैवशालाने महाराजांच्याच पूजेच्या ताटातले लिंबू कापून त्या पंजावर पिळले. जेथे रस ओघळला तेथे लाल रंग मावळून पुन्हा पिवळा झाला. उतारा उतरवायला आणलेल्या लिंबाने आयुष्यात प्रथमच काही उतरवले.

"लग्नात हळदीची कापडं धुताना साबण लावला की लाल व्हत्यात," ती बायांकडे वळून म्हणाली. "खरं सांगा, कोन्या बाईला ठावं न्हाई?"

बायांनी पदर तोंडाला लावले. ठाऊक सर्वांना होते. पुरुषांना नव्हते, कारण त्यांच्यापैकी एकानेही आजवर लुगडे धुतले नव्हते. आणि बायांनी धुण्याच्या दगडावरचे ज्ञान दगडावरच ठेवून दर्शनाला यायचे, असा आपला रिवाज. साबणात क्षार असतो, तसाच, किंबहुना अधिक तीव्र, ओल्या चुन्यात असतो. क्षाराने हळद लाल होते, आंबटाने पुन्हा पिवळी. तीर्थाचे काम भिंत ओली ठेवण्याचे होते. कोणाला कोठे उभे करायचे, एवढे ठरवले की कोणाला घराबाहेर काढायचे तेही ठरते.

"मला काल इचारलं व्हतं यांनी, चुना कधी मारला म्हणून," धोंडीबा म्हणाला. "मला वाटलं, कामाची तारीफ करायलेत."

"माउली, हे विज्ञानच तर सांगत होतो मी, जरा निराळ्या भाषेत..." महाराज पिशवी शोधत बोलले. पिशवी अपेक्षाने आणून दिली. ते परभणीच्या एस.टी.कडे चालू लागले, तेव्हा त्यांचा एक तळहात पिवळा होता आणि नमस्कारासाठी कोणी वाकले नाही.

सुगंधाबाई भिंतीपुढे उभ्याच होत्या. लाल पंजांकडे पाहत म्हणाल्या, "माझी माय हळदीत चुना कालवून घरी कुकू करायची. म्या ह्या डोळ्यानं बघितलंय. अन् तरी आज लेकरासारख्या सुनंला बाहेर काढायला निघाले."

वाचकहो, माझे मागणे फार मोठे नाही. देव मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ज्या पुराव्यावरून एखाद्या माणसाला घराबाहेर काढायचे, तो पुरावा जागा बदलून आणि हात बदलून एकदा तरी पुन्हा पाहावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. हळदीचे ताट आणि थोडा निर्भयपणा पुरतो.

अमृत घसा खाकरून बायकोजवळ आला. "मग आता..."

"आता काय? माय म्हणंल तसं!" दैवशाला म्हणाली, आणि सारे हसले. अमृतचे कान त्या भिंतीवरील पंजांच्या रंगाचे झाले.

"खरंच की, काय ठरलं मग?" बन्सीधरराव, हात पुसत, गंभीरपणे विचारू लागले.

सुगंधाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून सुनेच्या हळदीने माखलेल्या हातात ठेवला.

"हे घर हिनं उभं केलंय. ही इथंच ऱ्हाईल. अन् इथून पुढं मानसाचा न्याय भितीला इचारून करायचा न्हाई."