झाकणांचा घोळ

डार्लाला एक्कावन्नावं लागलं आणि जो तो तिच्या तब्येतीची काळजी करायला लागला. मुलगी फोनवरून बजावायची, दर जेवणात प्रोटीन हवंच, अंडी खा. बहीण म्हणायची, सकाळचं खाणंच बंद कर. चर्चच्या गोधडी मंडळातली एक बाई दुधाच्या विरोधात, तर दुसरी पावाच्या. डार्ला बिचारी सगळ्यांचंच ऐकायची. सकाळी अंडी उकडायची, मग आज उपास आहे म्हणून ती तशीच ठेवून द्यायची, आणि दहा वाजता, ती चालवायची त्या शाळेच्या रिकाम्या बसमध्ये बसून लिंबाच्या वड्या चेपायची. डोक्याचं पार भजं झालं होतं.

एका बाबतीत मात्र तिचा गोंधळ नव्हता. तिच्या आईचं खुब्याचं हाड बर्फावर घसरून मोडलं होतं आणि आई पुन्हा धड चाललीच नाही. तेव्हापासून डार्लानं कॅल्शियमची गोळी कधी चुकवली नाही. गुण येतोय, असं ती चारचौघींत सांगायचीसुद्धा. नवी बरणी सुरू केल्यापासून, म्हणजे तीन महिन्यांत, गुडघे कुरकुरायचे थांबले होते. बसच्या पायऱ्या ती दांडा न धरता चढत होती.

बरणी असं मी म्हणाले, कारण आमच्या मिनेसोटाच्या या टोकाला घाऊक दुकान दोन तास लांब. मंडळातली एक जण आळीपाळीनं तिकडे जाते, गोळ्यांच्या भल्यामोठ्या बाटल्या आणते, आणि चर्चच्या तळघरात आम्ही त्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांत वाटून घेतो. बरण्या उन्हाळ्यात परत लोणच्याला लागणार, म्हणून काचेवर कोणी काही चिकटवत नाही. बाईचं नाव आणि गोळीचं नाव झाकणावर लिहायचं. कोणतंही झाकण कोणत्याही बरणीला बसतं, हे इतक्या वर्षांत एकीच्याही डोक्यात आलं नाही. अशा आम्ही शहाण्या.

फेब्रुवारीत डार्लाची तपासणी आली. बस चालवायला वैद्यकीय दाखला लागतो, आणि एकोणीस वर्षं तो तिला हसतखेळत मिळत आला होता. या वेळी डॉक्टरीणबाईंना तिची नाडी जलद वाटली. घाम येतो, झोप लागत नाही, हे डार्लानंच सांगितलं. या वयात येतोच की घाम! पण रक्त तपासलं तर थायरॉइड भलतंच वाढलेलं निघालं. मोठ्या डॉक्टरांची वेळ सात आठवड्यांनंतरची होती, आणि तोवर दाखला नाही.

“केसांच्या, नखांच्या गोळ्या घेता का तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “त्यांच्यामुळे ही तपासणी चुकू शकते.”

“छे,” डार्ला म्हणाली. “ती हौस आमच्या ग्लेनिसची.”

बसची किल्ली शाळेत ठेवून ती घरी आली आणि गाडीतच बसून रडली. बस गेली तर दिवसभर करायचं काय, हे तिला खरंच कळत नव्हतं. त्यात बहिणीनं कोबी बंद करायला सांगितला, मुलीनं समुद्री शेवाळ पाठवलं. डार्लानं दोघींना बरं म्हटलं आणि रात्री नुसता टोस्ट खाल्ला.

गुरुवारी गोधडी मंडळ भरलं. ग्लेनिस त्रेसष्टची. केस विरळ झाले म्हणून दोन वर्षं ती लोकरी टोपी घालूनच वावरली होती. नवी बरणी सुरू केल्यापासून टोपी गेली होती. केसांच्या गोळ्यांचा गुण, म्हणायची. तिनं कॉफीबरोबर एक गोळी घशात ढकलली आणि ठसकली.

“घोड्याला देतात तेवढी गोळी आहे मेली,” ती म्हणाली. “तोंडात खडूची चव राहते.”

डार्लाची सुई थांबली. तिची कॅल्शियमची गोळी या बरणीत वाटाण्याएवढी होती, गुळगुळीत; कंपनी बदलली असेल, असं तिनं धरलं होतं. तिनं ग्लेनिसच्या बरणीतली एक मागून घेतली आणि दोन्ही गोळ्या औषधाच्या दुकानात दाखवल्या. दुकानदारानं वरचे छापलेले आकडे पाहिले आणि सांगितलं की मोठी कॅल्शियमची आहे, आणि छोटी केसांची, चांगली तेज मात्रेची. म्हणजे वाटताना दोघींची झाकणं बदलली होती.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करायला लावली आणि आठवड्यानं रक्त पुन्हा तपासलं. थायरॉइड ठणठणीत. दाखल्यावर सही झाली.

आता ग्लेनिसला सांगणं आलं. डार्लाला जिवावर आलं होतं, पण बरण्या बदलल्या की केसांची गोळी ग्लेनिसच्या पोटात जाणार आणि तिचंही रक्त कोणी कधी तपासणारच, म्हणून पुढच्या गुरुवारी तिनं सगळं सांगून टाकलं. ग्लेनिसनं कॉफी बाजूला ठेवली. मग तिनं डोकं खाली वाकवलं.

“हात लावून बघ. मग हे काय उगवलंय?”

डार्लानं हात फिरवला. केस होते, मऊ, दाट. गेल्या वर्षी तिथं कातडी दिसायची, हे तिनं स्वतः पाहिलं होतं.

“आणि तुझे गुडघे?” ग्लेनिसनं विचारलं. “तीन महिने तुझ्या पोटात हाडांची एक गोळी गेली नाही, मग ते कशानं बरे झाले?”

दोघींनी झाकणांची अदलाबदल केली, आणि ग्लेनिसनं आता आपल्या वाट्याला आलेली केसांच्या गोळ्यांची बरणी हातात धरून ठेवली, उघडली मात्र नाही.

सोमवारी सकाळी डार्ला बसच्या दारात उभी राहिली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. गुडघा दुखतोय की दुखतोय असं वाटतंय, याचा तिनं नीट विचार करून पाहिला, आणि काहीच ठरेना. आसपास कोणी नव्हतं. तिनं दांडा घट्ट धरला आणि वर चढली.