हॅनलीच्या भिंतीवरचा खिळा

हॅनलीच्या पबात शेकोटीच्या डाव्या हाताला एक भिंत आहे. किलब्रॅन गावचं जे कोणी घोड्यांची अडथळ्यांची शर्यत जिंकेल, त्याचा फोटो त्या भिंतीवर लागतो. दुसरा आला, तिसरा आला, बरगड्या मोडून घेतल्या, भिंतीला त्याचं काही सोयरसुतक नाही. जिंकलेलाच पाहिजे. या भिंतीवर फिंटन लूबीचा बाप आहे, थोरला भाऊ आहे, आणि धाकटी बहीण तर दोनदा आहे. त्या सगळ्या लूबींच्या मधोमध एक खिळा होता. फिंटन विशीत असताना म्हाताऱ्या हॅनलीनं तो मोठ्या उमेदीनं ठोकला होता. पुढे फिंटनच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, म्हातारा हॅनली गेला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, आणि खिळ्यावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर लटकू लागलं. दर वर्षी नवं कॅलेंडर हातात घेऊन धाकटा हॅनली मोठ्यानं विचारायचा, "लावू ना रे फिंटन, का थांबू?" सगळा पब हसायचा. फिंटनही हसायचा. तो स्वभावानं गोड माणूस होता, आणि न हसून जाणार तरी कुठे? गावात दुसरा पब नव्हता.

तसा तो घोड्यावर बसायला वाईट नव्हता. वाईट होते ते त्याला मिळणारे घोडे. फिंटन मिसेस टूहीच्या तबेल्यात मोतद्दार. पहाटे लीद काढायची, पेंढा पसरायचा, खरारा करायचा, घोडे टेकडीवर दौडवून आणायचे, आणि रविवारी शेतांमधल्या शर्यतीत ज्या घोड्यावर बसायला दुसरं कोणी तयार नसेल त्याच्यावर बसायचं. आंधळेपणानं उड्या मारणारे, अडथळा दिसला की विचारात पडणारे, मधेच घरची आठवण येऊन माघारी वळणारे असे सगळे नग त्याच्या वाट्याला आले. त्याचं गळपट्टीचं हाड इतक्या वेळा मोडलं होतं, की शर्यतीच्या डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगून टाकलं: हा मोसम शेवटचा, पुढच्या परवान्यावर आपण सही करणार नाही. मोसमातली शेवटची शर्यत मे महिन्यातल्या रविवारी होती. म्हणजे खिळा भरायचा तर त्या दिवशी, नाहीतर खताचं दुकान कायमचं.

घोडा होता बिशप. शर्यतीच्या कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण तबेल्यात सगळे त्याला बिशपच म्हणत, कारण कोणाच्या हातून काही घेताना एखाद्या बड्या धर्मगुरूसारखं त्याला वाटायचं आपण उपकार करतोय. बिशप चावायचा. गेल्या ईस्टरला त्यानं मिसेस टूहीची नवी हॅट डोक्यावरून उचलून फुलांसकट खाल्ली होती. तेव्हापासून बाई त्याच्याशी दारातूनच बोलत, तेही कामापुरतं. डेलिया म्हणून दुसरी मोतद्दार होती, तिच्या दंडावर त्याच्या दातांची खूण होती. जवळ जाऊ द्यायचा तो एकट्या फिंटनला. त्याची आणखी एक खोड फिंटनला ठाऊक होती. पळून आला की त्याचं अंग भट्टीसारखं तापायचं. तेव्हा त्याला उभं ठेवून चालत नसे. ताबडतोब सावलीत न्यायचं आणि बादल्यांवर बादल्या पाणी ओतायचं, नाहीतर पाय डगमगून तो सरळ आडवा व्हायचा.

त्या रविवारी ऊन असं पडलं होतं की पावसाचीच सवय असलेली टिपररी परगण्यातली माणसं एकमेकांकडे संशयानं बघत होती. फादरनी शर्यतीच्या दिवशीच्या रिवाजाप्रमाणे चर्चमधली प्रार्थना झटपट आटोपली होती. कुरणाच्या कडेला मोटारी उभ्या राहिल्या, मागची दारं उघडली, हॅमचे सँडविच आणि चहाचे थर्मास बाहेर आले. फिंटन अंगानं काटकुळा, त्यामुळे शर्यतीसाठी ठरलेलं वजन भरायला त्याच्या खोगिराखाली शिशाच्या पट्ट्यांचं जाड कापड घालावं लागे. ते सगळं पोटाशी धरून तो तंबूतल्या तराजूवर बसला, वजन करून घेतलं आणि बाहेर आला. दारात ओरन डेव्हनी भेटला. विशीतला, मोठ्या तबेल्याचा, दर आठवड्याला जिंकणारा.

"काका, आज शेवटचं ना? जपून बसा," तो म्हणाला. "पडलात तर माझ्या पुढे नको, मागे पडा."

"तुझ्या पुढे असेन हे तरी कबूल केलंस," फिंटन म्हणाला.

मिसेस टूहींनी निळी हॅट घातली होती, आणि ती एका हातानं दाबून धरत बिशपपासून चांगलं अंतर राखून त्या उभ्या होत्या. सूचना देताना त्या कधी फार बोलत नसत. त्यांनी सांगितलं की पहिल्या दोन फेऱ्या गुपचूप बसायचं आणि तिसरीत जे सुचेल ते करायचं.

फिंटन गुपचूप बसला. बिशप बसला नाही. तिसऱ्याच अडथळ्यात त्यानं रचलेल्या फांद्यांच्या वरून न जाता मधून जाऊन पाहिलं, आणि फिंटन घोड्याच्या मानेला मिठी मारून, एका रिकिबीत पाय ठेवून बराच वेळ ओळखीच्या सगळ्या संतांची नावं घेत राहिला. पण पडला नाही. दुसऱ्या फेरीत पुढचे दोन घोडे एकमेकांना भिडून पडले, एकाला खाली खड्ड्यापाशी दम लागला. तिसऱ्या फेरीला वळण घेताना फिंटननं मान वर केली, तर पुढे फक्त ओरनच्या हिरव्या सदऱ्याची पाठ. इतक्या वर्षांत आपल्यापुढे इतकी कमी माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती.

शेवटचा अडथळा बिशपनं असा ओलांडला की बघणाऱ्यांच्या हातातले सँडविच तसेच राहिले. पुढे चढ होता, आणि माथ्यावर शर्यतीची शेवटची रेघ. ओरनचा घोडा दोन घोड्यांच्या लांबीइतका पुढे, आणि बिशपला आता कंटाळा आल्याची चिन्हं दिसू लागली. चाबूक मारला तर हा थांबून मागे वळून बघणार, हे फिंटनला माहीत होतं. म्हणून त्यानं दुसरंच केलं. रोज सकाळी पाटीत ओट्स ओतताना तो जिभेनं आवाज काढायचा ना, टक्‌-टक्‌, तो त्यानं बिशपच्या कानाशी काढला. बिशपचे कान ताठ झाले. चढाच्या माथ्यावर न्याहारी आहे याबद्दल त्याची खात्री पटली, आणि तो असा सुटला की ओरनच्या घोड्याला मानेभर मागे टाकूनच थांबला.

फिंटन लूबी जिंकला. कुरणात आधी क्षणभर कोणालाच ते खरं वाटेना, मग किलब्रॅनची माणसं मोटारींच्या टपांवर चढून नाचायला लागली.

आणि इथेच घोळ झाला. जिंकून आलेल्या जॉकीनं काय करायचं असतं? खोगीर उतरवायचं, ते शिशाच्या कापडासकट उचलायचं, वाटेत कोणाच्या हातात न देता तडक तराजूवर जाऊन बसायचं. जाताना जेवढं वजन होतं तेवढं येताना भरलं तरच जिंकला, नाहीतर बक्षीस दुसऱ्याचं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फिंटनलाही माहीत होतं. पण जिंकून आल्यावर काय करतात याची त्याला सवय नव्हती, आणि पळून आलेल्या घोड्याचं काय करतात याची हाडीमाशी खिळलेली सवय होती. बिशपचा श्वास भात्यासारखा चालला होता, मागचे पाय लटपटत होते. फिंटननं खोगीर काढून कठड्यावर ठेवलं आणि लगाम धरून तो घोड्याला सरळ झाडाखालच्या पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेला. डेलिया मागून ओरडली, पण टपांवरच्या गोंगाटात तिचं कोण ऐकतंय? तिला घोड्याजवळ जायची सोय नव्हती, आणि खोगिराला कोणी हात लावला तर संपलंच. म्हणून ती कठड्यापाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि अभिनंदन करायला येणाऱ्यांना हाकलू लागली. फादरनाही तिनं लांब व्हा म्हणून सुनावलं.

फिंटननं चौथी बादली ओतली तेव्हा भोंगा बोलला. पहिल्या आलेल्या घोड्याच्या स्वारानं वजनासाठी ताबडतोब यावं.

फिंटनच्या हातातली बादली तशीच राहिली. मग त्याला सगळं लख्ख कळलं. त्यानं तराजूच्या तंबूकडे पाहिलं, बिशपकडे पाहिलं. बिशपनं मान त्याच्या खांद्यावर टाकली होती, सगळा भार घालून, आणि त्याचे गुडघे थरथरत होते. सोडून गेलो तर हा पडणार. पडला तर उठेलच असं नाही. आजूबाजूला माणसं खूप होती, पण दातांच्या टप्प्यात येईल असं एकही नव्हतं.

भोंगा दुसऱ्यांदा बोलला. या वेळी नाव घेऊन.

फिंटनला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही. बाप, भाऊ, दोनदा लावलेली बहीण, सगळी भिंत त्याच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यानं बादली टाकीत बुडवली आणि पाचव्यांदा ओतली. "राहू दे," तो बिशपच्या कानात म्हणाला. "कॅलेंडरही बरं दिसतं."

तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या हातातली बादली हिसकावली. मिसेस टूही. सत्तरीची बाई, कमरेचं दुखणं, सबंध कुरण तुडवत आली होती, आणि निळी हॅट एका कानावर आली होती.

"काय बघतोस माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "मी लग्नाआधी अकरा वर्षं लीद काढलीये. पाणी ओतायला मला शिकवू नकोस. पळ."

"बाई, तो चावेल तुम्हाला."

"चावला तर मी पण चावेन. जा म्हणते ना मूर्खा!"

फिंटन पळाला. डेलियानं हात बाजूला केले, त्यानं खोगीर, शिसं, सगळं कवटाळलं आणि तंबूकडे धूम ठोकली. बुटांत पाणी, विजारीत पाणी, प्रत्येक पावलाला पचक पचक.

तंबूत वजन करणारे साहेब घड्याळाकडे बघत होते, आणि तराजूवर ओरन डेव्हनी ठाण मांडून बसला होता. दुसरा आलेला ओरन. फिंटन आला नाही तर पहिला होणारा ओरन. तो साहेबांना समजावत होता की काट्यात काहीतरी गडबड दिसते, आईनं सकाळी सॉसेज जरा जास्त वाढले होते, तेव्हा आपलं वजन कृपा करून पुन्हा एकदा बघावं. साहेब म्हणत होते की आता तिसऱ्यांदा बघितलं. दारात फिंटन दिसताच ओरन टुणकन खाली उतरला.

"आता बरोबर वाटतं," तो म्हणाला. "या काका, गरम करून ठेवलाय."

फिंटन बसला. काटा हलला, थोडा पुढे गेला, स्थिर झाला. साहेबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या खाली साचलेल्या तळ्याकडे पाहिलं.

"जाताना होतं त्याहून किंचित जास्तच भरतंय," ते म्हणाले. "जास्तीचं चालतं. पण एवढं पाणी कुठून आणलंत?"

फिंटननं झाडाकडे बोट दाखवलं. ओरननं त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली, आणि बाहेर भोंग्यानं निकाल कायम झाल्याचं जाहीर केलं. फिंटन बक्षीस घ्यायला थांबला नाही. पुन्हा पचक पचक करत झाडाकडे धावला. बिशप चारी पायांवर घट्ट उभा होता. मिसेस टूही चिंब भिजल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. बिशप डोळे मिटून सावकाश काहीतरी निळं चावत होता.

"ही जुनीच होती," बाई म्हणाल्या. फिंटननं त्यांना मिठी मारली, जे त्यानं नोकरीत कधी केलं नव्हतं, आणि बाईंनीही त्याला सोड म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी फोटो आला. विजेत्यांच्या जागेतला, बक्षीस घेतानाचा असा एकही फोटो नव्हता, कारण फिंटन त्यातल्या कुठल्याच ठिकाणी नीट उभा राहिला नव्हता. गावच्या फोटोवाल्याला एकच मिळाला होता. मधोमध बिशप आणि त्याच्यावर बादली उपडी करणाऱ्या मिसेस टूही, हॅट नुकती दातांत सापडलेली. आणि डाव्या कोपऱ्यात, मागे कठड्यापाशी, चौकटीच्या बाहेर पळत सुटलेला हवेतला एक बूट आणि अर्धं खोगीर.

धाकट्या हॅनलीनं तो फोटो दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला. सगळा पब त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"यात जिंकलेला कोण?" त्यानं विचारलं.

फिंटननं बुटावर बोट ठेवलं.

हॅनली स्टुलावर चढला, खताच्या दुकानाचं कॅलेंडर काढून त्यानं काखेत मारलं, आणि फोटो हातात धरून वळला. या वेळी कोणी हसत नव्हतं.

"लावू ना रे फिंटन, का थांबू?"

"लाव," फिंटन म्हणाला.