सगळीकडे दक्षिण

अलकाबाईंनी नाश्त्याच्या लोचोची ताटली नकाशावर ठेवली, ती नेमकी उत्तर ध्रुवावर. ताटलीखालचं तेल बर्फावर पसरलं. जयंतरावांनी ती झटकन उचलली आणि ठेवायला जागा सापडेना म्हणून हातातच धरून चरफडत बसले.

सुरतेच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. ध्रुव म्हणजे एक ठिपका, असं पोरांना सांगायचं आणि भिंतीवरच्या नकाशात मात्र तो वरच्या काठीएवढा लांब दाखवायचा, हे त्यांना तेव्हापासून सलत होतं. बोटीनं जाऊन तो ठिपका एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढी एकच हौस उरली होती. पण तिच्या पायात सारखं काहीतरी अडकत होतं. सहलवाल्या योगेशच्या फोनवरच्या नकाशात बोटीची रेघ उजवीकडून बाहेर पडायची ती डावीकडून उगवायची, आणि ध्रुव तर दिसायचाच नाही. 'साहेब, एना करतां दुबई करी नाखो ने,' हा वर त्याचा ध्रुवाऐवजी दुबईचा सल्ला. शेवटी जयंतरावांनी ध्रुव मधोमध असलेला गोल नकाशा मिळवला, पेन्सिलीनं मार्ग आखला, बोटवाल्यांना डॉक्टरांचा दाखला हवा म्हणून तपासण्याही करून घेतल्या. दाखला येईतो बायकोनंच खोडा घातला.

आणि त्या खोड्याचं लाकूड यांनीच पुरवलेलं. समजावण्याच्या भरात ते बोलून गेले होते, की ध्रुवावर उभं राहिलं की चहूकडे दक्षिणच. अलकाबाईंनी तेवढं बरोब्बर उचललं. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपू नये, आणि तिथं तर कसंही झोपलं तरी पाय दक्षिणेलाच. सोमवारपासून त्यांचं हेच पालुपद चाललं होतं. त्या स्वतः येणार नव्हत्या आणि यांनाही जाऊ देणार नव्हत्या.

तेलाचा डाग पाहून आज जयंतरावांचा तोल सुटला.

"अगं, लग्न झाल्यापासून मी मुद्दाम दक्षिणेला पाय करून झोपतो. शेजारी तूही तशीच झोपतेस. अजून मेलो का आपण? तुझ्या खुळ्या समजुतीपायी मी इथंच सडायचं का?"

अलकाबाई पदरानं डाग टिपत राहिल्या. तो आणखीच पसरला, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"सोमवारी तुम्ही भाजी आणायला गेलात ना, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला होता. तुमच्या हृदयाला हा प्रवास झेपायचा नाही म्हणाले. दाखला देणार नाहीत."

"मग ते पायांचं काय?"

"माझ्यावर चिडला असतात तर पछी दोन दिवसांनी निवळला असतात. हृदयावर चिडून काय करणार होतात?"

जयंतरावांना संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. ताटलीतला लोचो गार झाला होता. तो त्यांनी मुकाट्यानं संपवला, डाग आत जाईल अशी नकाशाची गुंडाळी केली आणि ती कपाटावर ठेवून दिली.

दुपारी अलकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत आल्या, तेव्हा ते पलंगाशी उभे होते. त्यांनी आपली उशी उचलली, पलंगाला वळसा घालून आजवर पाय असायचे त्या टोकाला ठेवली. मग परत फिरून अलकाबाईंची उशीही आणली आणि शेजारी लावली.