बेटावरच्या दिव्याची चाल

माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खं गाव म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. त्या जिभेपायीच तर मी या बेटावर आले.

आमच्यावर राज्य करणारे फ्रेंच लोक देश सोडून गेले, त्यांच्यासोबत या बेटावरच्या दीपगृहाचा रखवालदार अंतोनीही गेला. शहरातल्या कचेरीतून निरोप आला, नवा माणूस पाठवतो. कसला माणूस अन् कसलं काय! दिवा विझला तो विझलाच. त्याच हिवाळ्यात माझा नवरा तय्यब अंधारात वाट चुकला. नंतर त्याची होडी तेवढी किनाऱ्याला लागली, उलटी होऊन.

मग कुठे गाव जागं झालं. मशिदीच्या अंगणात बैठक बसली. दिवा आपणच लावायचा, रॉकेल आणि जवाचं पीठ घरोघरून जमवायचं, इथवर सगळ्यांच्या माना हलल्या. पण बेटावर राहायचं कुणी? पगार नाही, शेजार नाही, प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी. सगळे दाढ्या कुरवाळत बसले. मी भिंतीआडून, बायकांतून ओरडले, "मी जाते!"

हमादी तांडेल हसला. "मबरूका, दिवा म्हणजे काय चूल आहे, फुंकर मारली की पेटली?"

"तुमच्या घरची चूल तरी कुठे वेळेवर पेटते? बायकोला विचारा," मी म्हटलं. "माझं एकच लेकरू उरलंय आणि ते तुमच्याच होडीवर येतं. त्याला घरी यायला उजेड लागेल की नको?"

शेवटी मीच जायचं ठरलं. सून एकटी कशी राहील म्हणून माझे सासरेही सोबत निघाले. बूबकर बाबा. गुडघे गेलेले, दात गेलेले, हट्ट मात्र शाबूत. दिवस उजाडला की आमचं भांडण सुरू, मिठावरून, शेळीवरून, वाऱ्यावरून. पण संध्याकाळी दिवा लागला की दोघंही भांडण टाकून समुद्राकडे बघत बसायचो. तिकडे कुठेतरी माझा लेक नाजी असायचा. त्याच्या आधीची दोन पाळण्यातच गेली होती. हा जगला म्हणून नाव ठेवलं नाजी, म्हणजे वाचलेला.

आमच्या समुद्रात दिवे दोन. एक पलीकडच्या टोकावर, दुसरा आमचा. टोकावरचा झोत भराभर येतो, आमचा सावकाश. आमचे कोळी दिवा बघत नाहीत, त्याची चाल बघतात, आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखतात. टोकाजवळ कोसभर पाणी कमरेएवढंच. तिथे होडी वाळूत रुतली की एक जण खाली उतरतो, दोर खांद्यावर घेतो आणि बैलासारखा होडी ओढत नेतो. नाजी मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच करत आला. आमच्या बेटापाशीही तशीच वाळू आहे, पण तिच्या अगदी कडेला खोल चर आहे आणि चराला अशी ओढ आहे की उंट उभा वाहून जाईल.

दिव्याभोवतीचं भिंग वजनाच्या जोरावर फिरायचं, भिंतीवरच्या घड्याळासारखं. जायच्या आधी अंतोनीने बाबांना दाखवून ठेवलं होतं, यंत्र कधी रुसलं तर हा दांडा, हाताने फिरवा, पण फेरी एकसारखी ठेवा. बाबांनी तेव्हाच माप काढलं. नबींवरचा दरूद, ती छोटीशी प्रार्थना, एकदा शांतपणे म्हटला की दांड्याची एक फेरी, एक फेरी झाली की एक झोत. अंतोनीने घड्याळ लावून बघितलं आणि बाबांची पाठ थोपटली. ही गोष्ट बाबा मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे.

त्या दिवशी दुपारी हमादीची होडी रॉकेल द्यायला बेटाला लागली. होडीवर हमादी, त्याचा मुलगा मुनसिफ आणि माझा नाजी. ऑक्टोपस धरायची मातीची गाडगी त्यांनी लांब बुडवून ठेवली होती, ती वर काढायला निघाले होते. मी नाजीला त्याच्या बापाचा जाड लोकरी झगा घालायला लावला.

"उम्मी, यात मी मेंढा दिसतो."

"दिस. गारठून मरण्यापेक्षा मेंढा बरा."

"आणि रात्री तुझा दिवा विझला तर?"

"विझू दे की. तुझा आजा घोरेल, त्या आवाजावर ये."

"त्यापेक्षा तू बोलत राहा," तो होडीत उडी मारत म्हणाला. "इटलीपर्यंत ऐकू येतं."

चावट कुठला. मी त्याच्या मागे भाकरीचं गाठोडं भिरकावलं, ते त्याने हवेतच झेललं.

अंधार पडता पडता उत्तरेचा वारा सुटला. बघता बघता समुद्र पांढरा झाला. मी दिवा लावला, वजन वर चढवलं आणि खाली येणार तोच वर काहीतरी कडाडलं. वजनाची तार तुटली होती. वजन धाडकन तळाशी जाऊन पडलं आणि भिंग जागच्या जागी उभं राहिलं.

बाबा गुडघे धरत, धापा टाकत वर आले. "दांडा धर, पोरी. मी म्हणतो."

मी दांडा धरला. बाबा भिंतीला टेकून दरूद म्हणू लागले. एक दरूद, एक फेरी. झोत समुद्रावरून सावकाश फिरून यायचा, जसा यायला हवा तसा. माझे दंड भरून आले, तरी मी सोडलं नाही. वारा वाढत गेला, काचा थरथरू लागल्या. आणि मग मला लांबवर एक कंदील दिसला, वर जायचा, नाहीसा व्हायचा, परत वर यायचा.

"बाबा, तेच! हमादीची होडी!"

बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि जीव तोडून दरूद म्हणायला लागले. एकुलता एक नातू होता तो त्यांचा. शब्दाला शब्द जोडला जात होता, एक संपायच्या आत दुसरा सुरू. माझे हातही त्यांच्या मागोमाग. मला तर वाटत होतं, जितकं भराभर फिरवीन तितकं माझं लेकरू लवकर घरी येईल. आई होते ना मी! कंदिलाखेरीज मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

कंदील आमच्या उजव्या अंगाने, चरातून यायला हवा होता. तो सरळ वाळूकडे निघाला.

"अहो, हे तिकडे कुठे चालले? हमादीला वेड लागलंय का?"

बाबांनी ऐकलंच नाही. कंदील वाळूच्या कडेला आला आणि हलायचा थांबला. होडी रुतली होती. माझ्या डोक्यावरून झोत गेला, पुन्हा गेला, लगेच पुन्हा गेला. टोकावरच्या दिव्याची चाल! आम्ही त्यांना टोक दाखवत होतो. त्यांना वाटणार, पाणी कमरेएवढं आहे. त्यांच्यातला एक जण आता दोर घेऊन खाली उतरणार.

समजवायला वेळ कुठे होता? बाबांच्या दरूदाच्या मागे माझा हात आपोआप पळत होता, थांबवून थांबेना. आयुष्यभर मी दांडा फिरवला तो जात्याचा. जातं घाईने फिरवलं की भरड पडते आणि सासूचा मार बसतो, म्हणून आमची दळणाची गाणी चालतातच सावकाश. तय्यब गेल्यापासून मी गायले नव्हते. विधवेनं गाऊ नये, सासऱ्यांसमोर तर नाहीच नाही. मी छाती फोडून गायला लागले.

"फिर रे जात्या, नको घाई, जव अजून ओला आहे,
दूर गेला घरचा धनी, सूर्य अजून वर आहे..."

"मबरूका!" बाबा किंचाळले. "पोर मरणाच्या दारात आणि तू गाणी म्हणतेस? लाज कुठे सोडलीस?"

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ते रडत होते, मला शिव्या देत होते, मध्येच दरूद म्हणत होते. मी आणखी मोठ्याने गात राहिले. हळूहळू हात ताळ्यावर आला. झोत पुन्हा आमच्या चालीने फिरू लागला. कंदील बराच वेळ तिथेच होता. मग हलला, मागे सरला, वळला, आणि डुचमळत चराच्या वाटेला लागला. मी रडत रडत गायले. वाचला, माझा नाजी वाचला, असं गाण्यातच म्हणत राहिले.

पहाटे होडी बेटाच्या आडोशाला लागली तशी मी धावत खाली गेले. मुनसिफ उतरला. हमादी उतरला. मी होडीत वाकून बघितलं. गाडगी होती, दोर होता.

"नाजी कुठाय?"

हमादी होडीतला दोर उगाच गुंडाळू लागला. मुनसिफच बोलला. "खाला, दिव्याची चाल बदलली. आम्हाला वाटलं, वाऱ्याने टोकावर आणून टाकलं. होडी रुतली. नाजी म्हणाला, टोकच आहे, पाणी कमरेएवढंच, मी ओढतो. दोर घेऊन उतरला... आणि दोर एकदम सैल पडला. झगा भिजून जड झाला असेल. आम्ही हाका मारत राहिलो. मग दिवा परत आपल्या चालीवर आला, तेव्हा कळलं आम्ही कुठे आहोत ते, आणि वल्ह्यांनी रेटून होडी वाळूतून मागे काढली."

मी किती ओरडले ते मला आठवत नाही. नंतर मुनसिफ म्हणाला, वारा असूनही गावात ऐकू गेलं.

वारा पडल्यावर गावातल्या सगळ्या होड्या नाजीला शोधायला निघाल्या. आदल्या रात्रीपासून एक घासही पोटात नसलेला हमादी सगळ्यांच्या पुढे. दिवस मावळला तरी एकही होडी माघारी फिरेना. मी दिवा पेटवला. तार तुटलेलीच होती.

बाबा भिंतीचा आधार घेत वर आले आणि कालच्या जागी बसले. एका रात्रीत हे एवढेसे झाले होते. "ये, पोरी. कालच्यासारखंच करू," ते म्हणाले. "तू गायलीस ते अल्लाह माफ करेल. माझ्या दरूदानेच ते दोघे परत आले, खरं ना? आज आपला नाजीही येईल."

सगळं माझ्या जिभेवर आलं. त्यांनी कसे शब्द पळवले, मी कसा दांडा पळवला, आम्ही दोघांनी मिळून आमच्या लेकराला कुठे उतरवलं, सगळं. गाव म्हणतं ती जीभ तोंडात नुसती जळत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, लहान मूल आईकडे बघतं तसे.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुमच्या दरूदानेच आले. आज मात्र मनातल्या मनात म्हणा. मोठ्याने मी म्हणते."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी दांडा धरला. बाहेर सगळ्या समुद्रभर कंदील पसरले होते आणि त्यातला प्रत्येक कंदील कुणाच्या तरी घरचा होता. हात म्हणत होते पळ, पळ, तो अजून पाण्यात आहे. मी त्यांना पळू दिलं नाही. जव दळावेत तसा दिवा फिरवत राहिले आणि गात राहिले.

त्या रात्री गावातली एकही होडी वाट चुकली नाही. नाजी सापडला नाही.