तीन म्हणजे तीनच

“काका, पाचला कुलूप. उद्या सकाळी हे सगळे जुने कागद लगदा करायला जाणार,” रेल्वेच्या रेकॉर्ड रूमच्या कारकूनबाई म्हणाल्या.

भिंतीवर साडेचार झाले होते. ते घड्याळ सहा मिनिटं मागे आहे, हे घड्याळजींनी आल्याआल्याच हेरलं होतं. पण आज पहिल्यांदाच बिघडलेल्या घड्याळाबद्दल त्यांनी तोंड उघडलं नाही.

घरच्या मागच्या खोलीत, दोन वर्षं चिमट्याने एकेक खडी लावून, त्यांनी जुन्या स्टेशनची छोटी प्रतिकृती उभी केली होती. फलाट, गोदाम, पाण्याची टाकी, सगळं झालं होतं. चार रुळांना आकडे द्यायचे तेवढे राहिले होते आणि तिथेच घोडं अडलं होतं.

त्यांचे बाबा त्या स्टेशनात सांधेवाले होते. गाडी ज्या रुळावर घ्यायची, तिकडे सांधा वळवायचा, हे त्यांचं काम. एका दुपारी निरोप आला, मालगाडी तीनवर घ्या. वळणामुळे पुढचं दिसत नव्हतं. गाडी उभ्या डब्यांवर आदळली आणि डबे धुणारा एक माणूस गेला. चौकशीत लिहिलं गेलं की सांधेवाल्याने दोन नंबर लावला, बहुधा प्यायला होता. बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, “मी तीन लावला. तीन म्हणजे तीनच.” नोकरी गेली, ताईचं ठरलेलं लग्न मोडलं.

ताई आता दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“आणि उलटं निघालं तर?” ती म्हणाली. “ते खरंच प्यायलेले होते, असं निघालं तर काय करशील? मोडशील तो खेळ?”

 गेले आठ दिवस तीच भीती घड्याळजींनाही खात होती. त्यांनी स्टेशनच्या नकाशांतली शेवटची गुंडाळी उलगडली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

चार रूळ. फलाटापासून मोजलेले एक, दोन, तीन, चार. पण प्रत्येक आकडा लाल शाईने खोडलेला. नवे आकडे उलटे, गोदामाकडून मोजलेले. बाबांचा तीन आता दोन झाला होता. तारीख अपघाताच्या तीन दिवस आधीची.

 खाली लिहिलं होतं, ‘नवे आकडे सांधेवाल्यांना समजावले.’ पुढे चार नावं. पहिल्या तिघांचे अंगठे होते. चौथं नाव बाबांचं. तिथे बघायला त्यांचा धीर होईना.

“वाच ना रे!” ताई उठून आली होती.

“‘तीन दिवस रजेवर. परतल्यावर सांगणे.’” पुढची जागा कोरी होती.

ताईने तारखेवर बोट ठेवलं.  “तू जिन्यावरून पडला होतास तेव्हा. बाबा तीन दिवस दवाखान्यातून हलले नव्हते.”

घड्याळजींचा डावा हात आजही कोपरात सरळ होत नाही. तो उजव्या हाताने धरून ते तिथेच खाली बसले. बाबा माझ्यामुळे रजेवर होते, तरी मला कधी बोलले नाहीत, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. मग सुचलं, की बोलणार काय? आकडे बदलल्याचं त्यांना तरी कुठे कोणी सांगितलं होतं?

पाचचे ठोके पडले.

“बाई, तुमचं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे,” डोळे पुसत ते म्हणाले.

“माहितीय. म्हणून तर तुम्हाला सहा मिनिटं जास्त मिळाली,” बाईंनी नकाशा गुंडाळून ताईच्या पिशवीत सरकवला. “लगद्यात एक कागद कमी गेला तर कोण मोजतंय!”

घरी पोचल्यावर ताईने चपलाही काढल्या नाहीत. दोन वर्षांत ज्या खोलीत ती फिरकली नव्हती, तिथे थेट शिरली. चिमुकल्या फलाटापासून बोटाने रूळ मोजले. एक, दोन, तीन. चिमट्याने आकड्याची चिठ्ठी उचलून तिसऱ्याशी चिकटवली आणि डिंक वाळेपर्यंत बोट दाबून धरलं.

“आता कोणी खोडायचं नाही,” ती म्हणाली.