बुधाजीचं तट्टू

गणपती विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात बुधाजी सत्यवतीच्या दारात आला. तिच्या मयत नवऱ्याचा हा चुलतभाऊ. मे महिन्यात तिचा थोरला मुलगा निकेत अलिबागच्या किनाऱ्यावर अपघातात गेला, तेव्हापासून बुधाजी या घराकडे फिरकला नव्हता.

निकेत गेला तो बुधाजीच्याच तट्टामुळे. जनावर बुधाजीचं, फिरवणारा निकेत, आणि कमाई दोघांत. ओहोटीला पाणी उतरलं की माणसांना पाठीवर बसवून किल्ल्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. त्या दिवशी तट्टू उधळलं. लगाम निकेतच्या मनगटाला गुंडाळलेला होता. खडकांवरून तो बराच लांब फरफटत गेला.

बुधाजी ओटीवर बसला. चहा ठेवला तरी त्याने कप उचलला नाही.

"वयनी, माझा गुडघा गेला. वाळूत चालवत न्हाय," तो म्हणाला. "गणराजला विचारायला आलोय. निकेतसारखंच. तट्टू माझं र्‍हाईल, सांभाळंल तो. विकायचं म्हटलं तर किनाऱ्यावर कोण घेत न्हाय. सगळ्यांना ठावं हाय काय झालं ते."

आतून गणराज बाहेर आला. तिचा हा धाकटा मुलगा निकेतपेक्षा दोन वर्षांनी लहान. कंपनीतलं कंत्राट संपल्यापासून घरीच होता. दिवसभर झोपायचा, जेवताना ताटातला भात चिवडत बसायचा.

"मी घेतो," तो लगेच म्हणाला.

"मला आधी बघायचंय," सत्यवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मायलेक बुधाजीच्या वाडीत गेले. तट्टू नारळाला आखूड दाव्याने बांधलेलं होतं. सत्यवतीने त्याला आजवर एकदाच पाहिलं होतं, तेही झूल आणि गोंडे घातलेलं. आता अंगावर काही नव्हतं. बरगड्या दिसत होत्या, पाठीवर जुन्या खोगिराचा केस गेलेला पट्टा होता. स्मशानातून माणसं परत आल्यावर तिने साऱ्या बायकांसमोर म्हटलं होतं, त्याला जित्तं ठेवू नका. आज ते समोर होतं आणि माश्या उडवत उभं होतं. तिला राग आणायचा होता, पण तो आला नाही.

गणराज डावीकडून पुढे झाला आणि त्याने मानेला हात लावला. तट्टू अख्खंच्या अख्खं दचकलं, दाव्याला हिसका बसला, नारळाच्या खोडावर त्याचा खांदा आपटला.

"डावीकडून नको," बुधाजी ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "त्या डोळ्यात फूल पडलंय. दिसत न्हाय त्याला."

सत्यवती जवळ गेली. डावा डोळा दुधासारखा पांढुरका होता.

"कधीपासून?"

बुधाजी दाव्याची गाठ चाचपू लागला.

"भावोजी, कधीपासून?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून."

"निकेतला ठावं व्हतं?"

"व्हय. मीच सांगितलं व्हतं. सारखा डाव्या अंगाला चाल म्हणून. तू त्या बाजूला असलास, तुझा आवाज आला, का ते शांत र्‍हातं. सहा-सात म्हयने चाललाच की तसा."

"मग त्या दिवशी?"

बुधाजी खाली मातीकडे बघत बोलू लागला. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी तट्टावर मुंबईची एक लहान मुलगी होती. खडकांपाशी ती उजवीकडे कलंडायला लागली. तिला धरायला निकेत वळसा घालून उजव्या बाजूला गेला. तेवढ्यात डावीकडून कुणीतरी मोटारसायकल भरधाव आणली. मुलगी वाळूत पडली, गुडघे खरचटले, एवढंच. मागून दुसरा घोडा आणणाऱ्याने हे सगळं पाहून बुधाजीला सांगितलं होतं.

सत्यवती नारळाखाली बसली. गणराज उभाच होता.

"आई, मी घेतो ग," तो म्हणाला. "आता आपल्याला ठावं हाय ना. मी बाजू सोडणार न्हाय."

"त्याने पण ठरवून सोडली नव्हती."

"मग काय घरातच मरू?"

तिच्या मनात आणखी एक गोष्ट येऊन गेली. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. कामाला न लावता तट्टू तिथे नुसतं बांधून ठेवता आलं असतं. वाईट वागवलं नसतं तिने. पण रोज सकाळी त्याच्यापुढे गवत टाकायचं, पाणी दाखवायचं, त्या पांढऱ्या डोळ्याच्या बाजूने जाताना आवाज द्यायचा. तिने स्वतःला तिथे उभं करून पाहिलं. जमणार नाही, हे तिला कळलं.

"न्यायचं न्हाय," ती म्हणाली. "भावोजी, दुसऱ्या कुणाला पण देऊ नका."

"मग मी त्याचं काय करू, वयनी?"

ती उठली आणि चालायला लागली.

गणराज आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग पनवेलच्या बाजूला एका गोदामात कामाला लागला आणि तिकडेच राहिला. फोन करायचा, पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, याच्यापुढे बोलणं जायचं नाही.

दिवाळीनंतर सत्यवती अलिबागला तालुक्याच्या कचेरीत एका कामासाठी गेली होती. काम लवकर आटोपलं. मे महिन्यापासून ती किनाऱ्यावर गेली नव्हती, पण त्या दिवशी पाय तिकडेच वळले. ओहोटी होती. घोडे, टांगे, भुट्टेवाले, सुट्टीची गर्दी. त्यात तिला ते तट्टू दिसलं. लाल झूल, गळ्यात घुंगरं, डाव्या डोळ्यावर येईल असा मोठा गोंडा बांधलेला. लगाम धरून एक तरुण गिऱ्हाईक शोधत होता. तो उजव्या बाजूला उभा होता.

ती वाळू तुडवत त्याच्याकडे गेली.

"बाळा, तुझं नाव काय?"

"जीवन. बसायचंय का, मावशी?"

"हे बुधाजीचं ना? याला डावीकडचं दिसत न्हाय. तू त्या बाजूने चालत जा."

जीवनने आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, एवढंच.

"मला माहीत आहे, मावशी. हळू बोला."

एक बाई मुलाला घेऊन आली. जीवनने मुलाला उचलून खोगिरावर बसवलं आणि वळसा घालून डावीकडे गेला. ते तिघे आणि तट्टू किल्ल्याच्या दिशेने निघाले. सत्यवती बंधाऱ्यावर बसली. लोकांच्या गर्दीत ती लाल झूल कधी दिसायची, कधी हरवायची. परत यायला त्यांना बराच वेळ लागला. मूल हसत उतरलं. जीवनने लगेच दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

सत्यवती उठली आणि एसटी स्टँडकडे गेली. संध्याकाळी गणराजचा फोन आला, तेव्हा तिने यातलं काहीच सांगितलं नाही.